खोकला मोजायचं काम : सात दवाखान्यांच्या नोंदी

३ जून २०२४, सोमवार

एकदाचं सुरू झालं बाबा. सात ठिकाणं, त्यातले पाच खासगी दवाखाने, एक प्राथमिक आरोग्य केंद्र, एक उपकेंद्र. तालुका नीरा उजव्या कालव्याच्या पट्ट्यातला, ऊस, कारखाना, आठवडी बाजार. काम सांगायला सोपं आहे, गावात ताप-खोकला किती चाललाय ते दर आठवड्याला मोजायचं, वाढायला लागला की लवकर कळलं पाहिजे आणि अधूनमधून थोडे स्वॅब पाठवून कुठला व्हायरस आहे ते बघायचं.

सरकारी यंत्रणा हे करतच नाही असं नाही. आयडीएसपी (साथीच्या रोगांवर लक्ष ठेवायचा सरकारी कार्यक्रम) २००४ पासून आहे, त्यात एस, पी, एल असे तीन फॉर्म. उपकेंद्राच्या सिस्टर लक्षणांवरून एस भरतात, डॉक्टर तपासून पी भरतात, एल लॅबचा. आधी कागद जायचे, आता २०२१ पासून सगळं ऑनलाइन, आयएचआयपी पोर्टलवर. पण आमच्याकडे ताप आला की माणूस आधी जातो स्टँडसमोरच्या बीएएमएस नाहीतर बीएचएमएस डॉक्टरकडे, सुई आणि गोळ्या घेतो आणि संध्याकाळी परत रानात. तो पोर्टलला दिसतच नाही. सात दवाखान्यांनी ती फट बुजणार नाही हे माहिती आहे, निदान तिच्यातून डोकावता येईल.

मीटिंगला सातपैकी पाच आले. स्टँडवाले डॉक्टर (वय साठच्या पुढं, तालुक्यात त्यांना सगळे काका म्हणतात) सरळ म्हणाले, "तू फॉर्म दे, मी भरतो, पण एका पेशंटला एक मिनिट पण जास्त लागलं तर तुझा फॉर्म भेळेला जाईल." दोन पानी फॉर्म होता, जेवणाच्या सुट्टीत अर्ध्या पानावर आणला.

११ जून

पहिल्या आठवड्याचे फॉर्म आले. ताप या रकान्यात सगळीकडे "आहे" लिहिलंय. किती आहे ते कुठंच नाही.

आपली व्याख्या डब्ल्यूएचओची आहे, फ्लूसदृश आजार म्हणजे मोजलेला ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त, सोबत खोकला, आणि आजार गेल्या दहा दिवसांत सुरू झालेला. तिन्ही गोष्टी एकदम पाहिजेत. आता गंमत अशी की भिंतीवर लावलेल्या पोस्टरवर मी ३८ छापलं आणि इथं डॉक्टरपासून आजीपर्यंत सगळे फॅरनहाइटमध्ये बोलतात, "शंभर ताप होता" असंच म्हणतात, ३८ म्हणजे काय ते कंपाउंडरला कसं कळणार. चूक माझीच. पेनानं प्रत्येक पोस्टरवर १००.४ लिहून आलो.

आणि थर्मामीटर. तीन दवाखान्यात कोविडमधली कपाळावर धरायची गन होती, दोन ठिकाणी सेल संपलेले आणि एक काहीही केलं तरी ९६ दाखवते. काका म्हणाले हात लावला की कळतं की. कळत असेल, चाळीस वर्षांचा हात आहे, पण काकांचा हात आणि उपकेंद्राच्या सिस्टरचा हात एकाच आलेखावर कसे टाकू? मेडिकलमधून सात साधे डिजिटल थर्मामीटर घेतले, काखेत धरायचे.

दुसरी अडचण अजून सुटली नाही. लोक येतानाच पॅरासिटामॉल घेऊन येतात. घरी १०२ असतो, दवाखान्यात ९९. व्याख्येप्रमाणे तो बाहेर. प्रकल्प बघणाऱ्या सरांशी फोनवर बोललो, ते म्हणाले व्याख्या वाकवायची नाही, हवं तर शेजारी वेगळा रकाना कर "ताप येऊन गेला" म्हणून आणि दोन्ही वेगवेगळं मोज. केलं तसं.

२४ जून

आज डोकं फिरलं. दवाखाना ४ चा आठवडा रिकामा होता, मी एक्सेलमध्ये शून्य टाकलं, आलेख खाली आला, आणि मी सरांना खुशीत मेसेज पण केला की पावसाच्या पहिल्या सरीनंतर कमी झालंय. दुपारी कळलं की दवाखाना ४ चे डॉक्टर पाच दिवस मेहुणीच्या लग्नाला गेले होते, शटर बंद. म्हणजे पेशंट होते, डॉक्टर नव्हते. आणि दवाखाना ६ चा पण आठवडा रिकामा होता, तिथं मात्र खरंच एकही नव्हता, म्हणून त्यांना वाटलं काय पाठवायचं.

दोन रिकाम्या चौकटी, दोन्हीचा अर्थ उलटा, आणि मी दोन्हीत ० भरलं.

नवीन नियम केला. दर सोमवारी अकराच्या आत व्हॉट्सॅपवर दोन आकडे, आठवड्यात एकूण पेशंट किती आणि फ्लूसदृश किती. एकही नसेल तर ० टाईप करायचं, नुसतं गप्प बसायचं नाही. दवाखाना बंद असेल तर "बंद" लिहायचं. काहीच आलं नाही तर मी फोन करणार, आणि फोनवर पण कळलं नाही तर चौकट रिकामीच ठेवणार, अंदाजानं भरणार नाही. ग्रुपवर कुणीतरी लगेच लिहिलं, "शून्य पाठवायला पगार मिळतो का." हसण्याचे बारा इमोजी.

काकांच्या कंपाउंडरनं मात्र एक भारी गोष्ट केली. खिडकीजवळ खर्ड्याचा (पुठ्ठ्याचा) तुकडा टांगलाय, पेशंट व्याख्येत बसला की रेघ मारायची, चार उभ्या आणि पाचवी आडवी. आठवडा संपला की तुकडा फाडून माझ्याकडं. फॉर्मपेक्षा हे चांगलं चाललंय. बाकीच्यांना पण तेच सांगणार.

१३ जुलै

या आठवड्यात माउलींची पालखी तालुक्यातून पुढं गेली. आरोग्य केंद्राचा अख्खा स्टाफ वारीच्या ड्युटीवर, पाय चोळायला, पाणी तपासायला, ओआरएस वाटायला, त्यामुळं तिकडून आकडा येणार नाही हे आधीच धरलं होतं. खासगी दवाखान्यांची गर्दी दुप्पट, पण त्यातले निम्मे वारकरी, कुणी परभणीचा कुणी लातूरचा. त्यांना मोजायचं का? आजारी इथं आहेत, राहणारे तिथले, आणि दोन दिवसांत पंढरपूरच्या जवळ असतील. सरांनी सांगितलं मोज, पण "बाहेरगावचा" अशी खूण कर. खर्ड्यावर वारकऱ्यांसाठी गोल, गावच्यांसाठी रेघ. आठवड्याच्या शेवटी काकांचा खर्डा बघितला तर रांगोळी दिसत होती.

३० जुलै

स्वॅबचा पहिला हप्ता, आणि पहिलीच गोची.

नियम असा की दर मंगळवारी व्याख्येत बसणारे पहिले दोन पेशंट, आजाराला चार-पाच दिवसांपेक्षा जास्त झालेले नकोत, त्यांचा घशाचा आणि नाकाचा स्वॅब. पहिले दोनच का, तर डॉक्टरवर सोडलं की ते सगळ्यात जास्त आजारी असलेला निवडतात, नाहीतर ओळखीचा. आजच एका ठिकाणी डॉक्टरांच्या पाव्हण्याचा स्वॅब घेऊन ठेवलेला, ताप नाही, खोकला नाही, "सहज बघूया म्हटलं काय निघतंय". पाव्हण्यांना चहा पाजला आणि स्वॅब टाकून दिला.

एका दवाखान्यात किट संपलं म्हणून त्यांनी मेडिकलमधून लाकडी काडीचे कापसाचे बोळे आणले होते. ते चालत नाहीत, कापूस आणि लाकूड पीसीआरमध्ये अडथळा आणतात, प्लॅस्टिकच्या काडीवरचा नायलॉन किंवा पॉलिएस्टरचाच पाहिजे. हे मी ट्रेनिंगला सांगितलं नव्हतं. लिहून ठेवतोय.

मग थंड ठेवायचं काय. स्वॅब ज्यात बुडवून ठेवतात ती व्हीटीएमची गुलाबी बाटली २ ते ८ अंशात पाहिजे आणि साधारण ७२ तासांच्या आत लॅबला पोचली पाहिजे, त्याहून उशीर होणार असेल तर उणे ७० वगैरे, ते इथं कुठून आणणार. मी साळसूदपणे आरोग्य केंद्रात गेलो आणि सिस्टरांना म्हटलं तुमच्या आयएलआरमध्ये, म्हणजे त्या फ्रिजमध्ये, रात्रभर ठेवू का, बरोबर २ ते ८ असतो. सिस्टरांनी असं बघितलं ना. "त्यात बाळांच्या लशी असतात. स्वॅब ठेवायला तुम्ही मला विचारताय?" बरोबर आहे त्यांचं, लशीच्या फ्रिजमध्ये दुसरं काही ठेवायचं नाही हा पहिला धडा असतो आणि मी तो विसरलो. शेवटी आइस पॅक गोळा करून थर्माकोलच्या डब्यात, तीन आवरणं करून, पहाटेच्या गाडीनं आमच्या टीममधला पोरगा स्वतः घेऊन गेला. जाताना वरचा आइस पॅक घरीच राहिला. चौदातले चार नमुने लॅबनं गरम झाले म्हणून परत केले.

१७ ऑगस्ट

रिपोर्ट आले. दहातले तीन इन्फ्लुएंझा ए, एच१एन१. म्हणजे २००९ वालाच, आता तो नेहमीच्या फ्लूंपैकी एक झालाय. गावात बातमी कशी गेली देव जाणे, संध्याकाळपर्यंत "आपल्याकडं स्वाईन फ्लू सापडला" म्हणून दोन फोन आणि एका पत्रकाराचा मेसेज.

२००९ मध्ये मी पुण्यात सहावीला होतो. ३ ऑगस्टला पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला, चौदा वर्षांची मुलगी, आमच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. त्यानंतर शाळा बंद, थिएटर बंद, रस्त्यावर सगळे रुमाल बांधून, आणि नायडू हॉस्पिटलबाहेर ती रांग. नुसती सर्दी असलेले लोक तासन्‌तास त्या रांगेत उभे. मला आता वाटतं की त्या रांगेचं अर्धं कारण हे होतं की शहरात दर ऑगस्टला किती लोक खोकतात हे कुणाला सांगताच येत नव्हतं. पावसाळ्यात पुण्याकडं फ्लू वाढतोच, देशात बऱ्याच ठिकाणी दोन लाटा येतात, एक जानेवारी ते मार्च आणि एक पावसाळ्यात, श्रीनगरसारख्या ठिकाणी फक्त हिवाळ्यात. हे आकडे रोजच्या दवाखान्यांत पडून असतात, वर्षानुवर्षं, फक्त कुणी रेघा मारत नाही.

पत्रकाराला काय सांगायचं? सांगितलं की पावसाळ्यात फ्लू निघतोच, साध्या पेशंटला टेस्ट लागत नाही. सरकारच्या नियमात पण ए कॅटेगरी म्हणजे सौम्य ताप-खोकला, त्यांना टेस्ट नाही, ऑसेल्टामिविर (फ्लूवरचं औषध) नाही, घरी आराम आणि लक्ष. म्हातारे, गरोदर बाया, लहान पोरं, दमा-शुगरवाले, यांचं वेगळं. त्यानं बातमी छापली नाही, बहुतेक मजा नव्हती.

१२ सप्टेंबर

गौरी-गणपती. आलेख पडला, आणि यावेळी मी कुणाला मेसेज केला नाही. सातपैकी तीन "बंद". उरलेल्या चारांत एकूण पेशंटच कमी आलेत, सणाला कोण दवाखान्यात जातं. शंभरात फ्लूसदृश किती हे काढलं तर रेघ जवळजवळ सरळ आहे.

म्हणून तो एकूण पेशंटचा आकडा. इंग्लंडमधले लोक याबाबतीत सुखी आहेत. तिथं प्रत्येक माणसाचं नाव कुठल्यातरी एका जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) यादीत असतं, त्यामुळं लाखामागं किती हे सरळ काढता येतं. त्यांच्या जीपींचं जाळं १९५७ च्या आशियाई फ्लूच्या वर्षीचं आहे, आणि साठच्या दशकापासून दर आठवड्याला आकडे. फ्रान्सवाल्यांनी १९८४ मध्ये जाळं सुरू केलं तेव्हा डॉक्टर मिनिटेलवरून आकडे पाठवायचे, ते घरातल्या टेलिफोनला जोडायचं छोटं टर्मिनल, इंटरनेट घराघरात यायच्या कितीतरी आधी. मी व्हॉट्सॅपवर रडतोय.

आपल्याकडं एक माणूस सकाळी काकांकडं, दोन दिवसांनी बरं नाही म्हणून दवाखाना २ कडं, आणि तिसऱ्या दिवशी बारामतीला. तीन रेघा, माणूस एक. लाखामागं वगैरे विसरा. शंभर पेशंटमागं किती, तेही त्याच दवाखान्याची स्वतःशी तुलना, एवढंच आपल्याला झेपतं आणि तेवढंच लिहायचं.

५ ऑक्टोबर

फॉर्मवर "काय औषध दिलं" हा रकाना मी नाही टाकला, दवाखाना २ च्या मॅडमनी आपणहून टाकला. बघितलं तर जवळजवळ प्रत्येक रेघेपुढं ॲझिथ्रो, म्हणजे अँटिबायोटिक. मॅडम स्वतःच म्हणाल्या, "लिहायला लागले तेव्हा मला कळलं मी किती देते." मार्च २०२३ मध्ये एच३एन२ फ्लूचा गोंधळ झाला तेव्हा आयएमएनं (डॉक्टरांच्या संघटनेनं) पत्रक काढलेलं की साध्या ताप-खोकल्याला अँटिबायोटिक देऊ नका, व्हायरसवर ते चालत नाही. सगळ्यांनी ते ग्रुपवर फॉरवर्ड केलं आणि दुपारच्या ओपीडीत परत तेच. पेशंट पण ऐकत नाही हो, नुसती पॅरासिटामॉल दिली तर पुढच्या गल्लीत जातो. हा आमच्या प्रकल्पाचा विषय नाही, सर म्हणाले पसरू नकोस. मॅडमचा रकाना मात्र राहू दिला.

२६ नोव्हेंबर

दीड महिना नोंद नाही लिहिली. दिवाळी, मग विधानसभेची निवडणूक, आशाताई आणि आरोग्य सेवक अर्धे निवडणुकीच्या कामात.

कारखाना सुरू होतोय, बीडकडच्या ऊसतोड टोळ्या यायला लागल्या. काल उपकेंद्राच्या सिस्टरांबरोबर फडावर गेलो. खोपीत चूल, पाचटाचा धूर, पहाटेची थंडी, तिथं सगळेच खोकतात. व्याख्येला ताप पाहिजे म्हणून ते आमच्याकडं मोजले जात नाहीत, आणि ते दवाखान्यात येत पण नाहीत, दिवस बुडतो म्हणून. आमच्या आलेखात ही माणसं कधीच दिसणार नाहीत, सात दवाखान्यांऐवजी सत्तर केले तरी.

एक बाई म्हणाल्या "तीन महिने झाले खोकला." आमच्या फॉर्मवर दहा दिवसांपेक्षा जास्त असेल तर काट मारायची असते. सिस्टरांनी काट मारली, फॉर्म उलटा केला आणि मागं थुंकीच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली, दोन आठवड्यांवर खोकला म्हणजे टीबी बघायचाच. आज फोन आला, पॉझिटिव्ह. निक्षयवर (सरकारच्या टीबी पोर्टलवर) नाव गेलं, गोळ्या इथं सुरू होतील, पण टोळी मार्च-एप्रिलमध्ये गावी परतणार तेव्हा पुढच्या गोळ्या तिकडं मिळतील याची सिस्टरांनी आत्ताच फोनाफोनी सुरू केलीय. आमच्या आकड्यात या बाईंची रेघ नाही.

फॉर्मच्या मागं आता छापूनच घेतोय : दहा दिवसांवर असेल तर किती दिवस ते लिहा.

१ जानेवारी २०२५

एक्सेल फुटलं. सोमवार ते रविवार आठवडा धरला की ३० आणि ३१ डिसेंबर हे २०२५ च्या पहिल्या आठवड्यात जातात, आणि माझ्या फॉर्म्युल्यानं त्यांना २०२४ चा पहिला आठवडा समजून जूनच्याही आधी नेऊन टाकलं. नवीन वर्ष असं सुरू झालं.

७ जानेवारी

कालपासून फोन थांबत नाही. एचएमपीव्ही. चीनमधले हॉस्पिटलचे व्हिडिओ आठवडाभर फिरत होतेच, काल बेंगळुरूत दोन बाळांमध्ये सापडला म्हणून आयसीएमआरनं जाहीर केलं आणि टीव्हीवर एकदम २०२० चं संगीत. आज सकाळी स्टँडवर मास्क. मेडिकलवाल्यानं विचारलं सॅनिटायझर मागवू का. आईचा फोन, "तू त्याच कामात आहेस ना, खरं सांग."

हा व्हायरस नवीन नाही, २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये ओळखला गेला आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून पोरांना सर्दी-खोकला करत आलाय, भारतात आधीपासून आहे हे आयसीएमआरनं त्याच दमात सांगितलं. पण ते ऐकायला कोण थांबतंय. आमच्या स्वॅबवर एचएमपीव्हीची टेस्ट होत नाही, फक्त इन्फ्लुएंझा आणि कोविड, त्यामुळं "आपल्याकडं आहे का" याला माझ्याकडं उत्तर नाही, आणि ते मी तसंच सांगितलं.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी दुपारी बोलावलं. त्यांना एवढंच पाहिजे होतं की ताप-खोकला वाढलाय का. एकतीस आठवड्यांचा कागद टेबलावर ठेवला. जुलै-ऑगस्टचा डोंगर, मग उतार, नोव्हेंबरपासून सपाट, आणि गेल्या आठवड्यात सातपैकी सहा ठिकाणचे आकडे आलेले, त्यात दोन ०. साहेबांनी त्या शून्यांवर बोट ठेवलं, "हे आलेलं नाही म्हणून शून्य, की नाहीत म्हणून शून्य?" मी मोबाईल काढून सोमवारचे मेसेज दाखवले. दोन्ही ठिकाणांहून ० टाईप केलेलं, एकूण पेशंटचा आकडा शेजारी. सातव्याचं "बंद".

साहेबांनी फोटो काढला आणि वर पाठवला, खाली लिहिलं, नेहमीपेक्षा वाढ नाही. मी म्हटलं साहेब "नेहमी" म्हणायला आपल्याकडं एकच वर्ष आहे, तेही पुरं नाही, कितीच्या वर गेलं की वाढ म्हणायची तो उंबरठा ठरवायला बरेच हंगाम लागतात. म्हणाले, "मग गेल्या सात आठवड्यांच्या तुलनेत वाढ नाही." हे चाललं. तसं दुरुस्त करून पाठवलं.

११ फेब्रुवारी

काका गेले महिनाभर आजारी, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दवाखाना बंद. तरी काल सोमवारी दहा वाजून पन्नास मिनिटांनी कंपाउंडरचा मेसेज आला, "बंद". गेले चारही सोमवार आलाय. मी फोन करून म्हटलं, मामा, मला माहिती आहे हो बंद आहे, तुम्ही नाही पाठवलं तरी चालेल. ते म्हणाले, "तुम्ही म्हणला होता ना गप्प बसायचं नाही म्हणून." मग सांगितलं की काका पुढच्या सोमवारपासून दोन तास बसणार आहेत, खर्डा नवीन टांगलाय.

दवाखाना ६ चा कालचा आकडा अजून आलेला नाही. साडेअकरा वाजले, फोन लावतोय.